‘माद्रिद राजशिष्टाचार’? नको बाप्पा!

इतवारीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. भाच्याची संत्रा बर्फी दुबईला जायला लागली, नाव तिकडेही नोंदवायचं आहे. एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवता यावा म्हणून झालेला करार म्हणजे ‘माद्रिद प्रोटोकॉल’. वकिलाच्या कागदाचं मराठी करताना त्याचं त्यांनी ‘माद्रिद राजशिष्टाचार’ केलं. चालेल का?

नाही. पण चूक कुठून आली ते कळतं. डिसेंबरात अधिवेशन भरलं की कोणाची गाडी कुठे थांबेल, कोण कुठे बसेल, हे सगळं राजशिष्टाचारवाले पाहतात. नागपूरकराच्या कानात प्रोटोकॉल तोच बसलाय.

मूळ शब्द ग्रीक. ‘प्रोटो’ म्हणजे पहिलं, ‘कोल्ला’ म्हणजे डिंक. पपायरसच्या गुंडाळीला सुरुवातीला डकवलेलं पान. म्हणून मला आधी ‘पुरवणी करार’ सुचला. पण परीक्षेतली पुरवणी उत्तरपत्रिकेपासून सुटली की तिला कोण विचारतं? इथे तसं नाही. मूळ माद्रिद करार १८९१ चा, प्रोटोकॉल १९८९ चा. भारत २०१३ साली प्रोटोकॉलमध्ये सामील झाला, मूळ करारात मात्र कधीच नव्हता. तेव्हा ‘जोडकरार’ म्हणा. शेतीला जोडधंदा असतो तसा: नातं आहे, पण हिशेब वेगळा. नुसतं ‘माद्रिद करार’ लिहाल तर १८९१ चाच समजला जाईल.

कागदात ‘आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क’ असंही आहे. तिथे ‘आंतरराष्ट्रीय नोंदणी’ करा. सगळीकडे चालणारा एकच मार्का असा नसतोच. अर्ज तेवढा एक, आपल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीतून जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातो. मान्य करायचं की नाही, हे ज्या-त्या देशाचं कार्यालय आपल्या कायद्याने ठरवतं. नकार कळवायला त्याला १२ किंवा १८ महिने असतात. शिवाय पहिल्या पाच वर्षांत इथली मूळ नोंदणी रद्द झाली की तिच्यावरची तिकडचीही जाते. भाच्याला हे आधी सांगा, शब्द मग पाहू.

राहिला ‘ट्रेडमार्क’. कागदोपत्री ‘व्यापारचिन्ह’ ठीक, दुकानात सगळे मार्काच म्हणतात. ‘बोधचिन्ह’ मात्र लिहू नका. ते डब्यावरचं संत्र्याचं चित्र झालं. भाच्याला तर बर्फीचं नाव राखायचंय.