दहावीत नापास झाल्यापासून धाकटा भाऊ खोलीतच असतो, 'मी नसलो तर बरं' म्हणतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठीत बोलणारी मदत कुठं मिळेल?

ताई, उत्तर पुढं वाचायच्या आधी एक काम करा. घरात किंवा शेतातल्या खोपीत फवारणीची औषधं असतील ती आजच कुलपात घाला, नाहीतर शेजारच्या काकांकडे ठेवायला द्या. कोणी विचारलंच तर मांजर सांडतंय म्हणा. आजीच्या गोळ्यांचा डबाही हलवा. मनात ती लाट येते तेव्हा बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्या वेळात हाताशी काही सापडलं नाही तर माणूस वाचतो.

मग त्याला सरळ विचारा, जीव द्यावा असं मनात येतंय काय रे? विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. या भीतीपायी माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही दहा दिवस घालवले. मराठी शाळेतून दहावी झालेलं पोरगं, पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतलं आणि वर्गात एकदम सगळं इंग्रजी, मित्रांचं बोलणं कानडी. हळूहळू डेअरीला दूध घालायला जायचंही बंद केलं. शेवटी एका संध्याकाळी आम्ही दोघं शेंगा फोडत बसलो असताना मी विचारलं. त्यानं मान वर केली नाही. दाणे खाली आणि टरफलं सुपात टाकत राहिला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "रोज येतंय, आत्या." मी सूप तसंच बाजूला सारलं.

त्या रात्री १४४१६ ला फोन केला. ही टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही लावा. वीस भाषांत चालते, त्यात मराठी आहे. सुरुवातीलाच भाषा मराठी सांगा, हिंदीत ओढूनताणून बोलू नका. दुःख मोडक्या हिंदीत सांगता येत नाही. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की आत्ता त्याच्याजवळ कोण बसलंय? भाऊ बोलायला तयार नसेल तर तुम्ही स्वतःच लावा, घरच्यांनाही सल्ला देतात. खरं त्यानं काही करून घेतलं असेल किंवा करायच्या बेतात असेल तर हा नंबर नको, ११२ किंवा १०८ लावा आणि त्याला एकटं सोडू नका. वय १८ च्या आत असेल आणि घरात मारहाण, छळ असा काही प्रकार असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

फोननंतर डॉक्टर लागतोच. आम्ही आधी एका खाजगी दवाखान्यात गेलो होतो. तिथं पोराला बाहेर बाकावर बसवून बापालाच सगळं विचारलं आणि पाच मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या. पोरगं दोन दिवस कोणाशी बोललं नाही. म्हणून जिथं जाल तिथं सांगा, थोडा वेळ त्याच्याशी एकट्याशी बोला. तुम्हाला जवळ म्हणजे खानापूरचा तालुका दवाखाना. कर्नाटकात मनोचैतन्य योजनेत मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर तालुक्याला येतात, तरी आदल्या दिवशी विचारून जा, नाहीतर हेलपाटा. १० ते १९ वयाच्या मुलांसाठी स्नेहा क्लिनिक असतं, त्याचीही तिथंच चौकशी करा. नाहीतर बेळगावला सिव्हिल, म्हणजे बिम्स. आणि लांबचा इलाज लागला तर धारवाडची डिमहान्स, मानसिक आजारांची जुनी सरकारी संस्था.

सिव्हिलला चिठ्ठी, पाट्या सगळं कानडीत बघून आमचा दादा दारातूनच परत फिरत होता. वाचता येत नसेल तर शेजारच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोराला विचारा, लाज कसली. नर्सबाई, वॉर्डातला माणूस, कोणी ना कोणी मराठी बोलणारं निघतंच. बेळगावच आहे ते.

वहिनी देवऋषाकडून अंगारा घेऊन आली होती. मी भांडले नाही. अंगारा लावा, खरं गोळ्या बंद करायच्या नाहीत, एवढं कबूल करून घेतलं.

गावात सगळ्यांना सांगत बसू नका. एकच माणूस निवडा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा. आमच्याकडे तालमीतला एक दादा होता. तो रोज संध्याकाळी नुसता "चल रे, जरा फिरून येऊ" म्हणून हाक मारायचा, बाकी काही नाही. आशाताई दवाखान्याची माहिती चांगली देतात, फक्त त्या तुमच्या भावकीतल्या नसाव्यात!

पोलीस केस होईल या भीतीनं लोक जखमी माणसालाही घरात लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जीव द्यायच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच नाही. दवाखाना पोलिसांना कळवेल, नोंद होईल, पण तेवढ्यासाठी उशीर करू नका.

दहावीचं म्हणाल तर २०२४ पासून आपल्याकडे त्याच वर्षात पुन्हा बसता येतं. पण हे त्याला आज सांगू नका, आधी नीट झोप लागू दे.

सिव्हिलला जाताना त्याचं आधार कार्ड घ्या आणि डबा बांधून न्या. नंबर यायला दुपार होते.