पडद्यावरचे आंबे आणि आप्पांचा उजवा हात

"मॅडम, ते एआरचं मशीन घरी आणलं तर वडिलांचा हात परत येईल ना?"

पक्षाघाताला तीन-चार महिने झाले, सुरुवातीची झपाट्याची सुधारणा मंदावली, की आमच्या सेंटरवर समुपदेशक म्हणून मला हा प्रश्न हमखास येतो. एआर म्हणजे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, खऱ्या दृश्यावर चित्रं दाखवणारं तंत्र. मुलांनी व्हिडिओ पाहिलेले असतात, हप्ते भरायची तयारी असते. आपल्याकडून काही करायचं राहून तर जात नाही ना, ही धास्ती त्यामागे असते.

आप्पांच्या मुलीचीही तीच घालमेल. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आप्पा पतसंस्थेतले निवृत्त कॅशियर. उजवी बाजू लुळी पडलेली. काठी घेऊन चालू लागले होते, पण हात मांडीवर नुसता पडून. सांगितलेले व्यायाम करत नसत. "यांना मुळात कंटाळाच," काकू म्हणाल्या. मुलीच्या मते हट्टीपणा. दोघींना बाहेर बसवून मी आप्पांशी बोलले. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "सगळ्यांसमोर चमचा पडतो. नको वाटतं."

म्हणजे कंटाळा नव्हे, लाज. शिवाय झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य गाठतं आणि घरात त्याला आळस म्हणतात. आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी सुरू झाली. मशीनचा विषय त्यानंतर.

एआरमध्ये टॅबलेटचा कॅमेरा समोरच्या टेबलावर रोखलेला असतो. पडद्यावर आपलंच टेबल, आपलाच हात दिसतो आणि त्यावर चित्रातले आंबे. हात नेऊन आंबा टोपलीत टाकायचा. व्हीआरच्या, म्हणजे सगळंच आभासी दाखवणाऱ्या व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या, बंद गॉगलसारखी खोली नाहीशी होत नाही, त्यामुळे तोल सांभाळायला हे बरं.

मुलीला मी स्पष्ट सांगितलं की यात जादू काही नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ अभ्यास तपासले होते, तेही एआरचे नव्हे, व्हीआर आणि व्हिडिओ गेमचे. नेहमीच्या उपचाराऐवजी असे खेळ दिले तर हाताला जास्त फायदा दिसला नाही; उपचाराला जोड म्हणून दिले, म्हणजे एकूण सराव वाढला, तेव्हा थोडा दिसला. २०१६ मध्ये चार देशांतल्या १४१ रुग्णांवरच्या चाचणीत तर गेमिंग कन्सोल आणि पत्त्यांसारखे साधे खेळ सारखेच ठरले. पत्त्यांचा जोड काही फार महाग नाही!

मग उपयोग काय? सराव वाढतो. २००९ च्या एका पाहणीत थेरपीच्या एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ च भरल्या होत्या. दुबळा हात वापरलाच नाही तर मेंदू त्याला बंद पडलेल्या खात्यासारखं बाजूला टाकतो. आणि आप्पांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, चित्रातला आंबा पडला तर आवाज होत नाही.

सेंटरवर पहिल्यांदा "मला काय बालवाडीत घातलंय?" म्हणून रागावले. पण स्कोअर पाहून कॅशियर जागा झाला. दुसऱ्या आठवड्यात गुण धडाधड वाढले. मुलगी खूश, आमची फिजिओथेरपिस्ट मात्र नाही. आप्पा हात लांब करतच नव्हते. कमरेतून अख्खं अंग पुढे झोकून आंबा गाठत होते. टॅबलेटला ते कळत नव्हतं. तिने त्यांची पाठ खुर्चीला टेकवून छातीवरून रुंद पट्टा बांधला. गुण निम्म्यावर आले, आप्पा चिडले, पण कोपर पहिल्यांदा उघडताना दिसलं. म्हणून सांगते, घरी आणलंत तरी थेरपिस्टची नजर हवीच. खांदा दुखला, गरगरलं, तर तिथेच थांबायचं. दृष्टीचा एक भाग गेलेला असेल किंवा एका बाजूचं भान नसेल, तर आधी विचारायचं.

घरच्यांशी दोन गोष्टी ठरवल्या. स्कोअर आप्पांचा, फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही. आणि टॅबलेट बंद झाला की लगेच त्याच हाताने एक खरं काम. काम आप्पांनीच निवडलं, दहाच्या नोटा एकेक उचलून गड्डी लावायची. नोटा खाली पडायच्या. काकू उचलायला धावायच्या. त्यांना बसवून ठेवणं हे माझं सगळ्यात अवघड समुपदेशन ठरलं.

हात पूर्वीसारखा झालेला नाही. कप धरता येतो, तोही अर्धा भरलेला; शर्टाची वरची दोन बटणं काकू लावतात. अ‍ॅपचं भाडं पुढे भरायचं का, असं मुलीने विचारलं. मी आप्पांकडे पाहिलं. "या महिन्यापुरतं भर," ते म्हणाले, "पुढचं मी बघतो. दुधाचा हिशोब आता माझ्याकडे आहे."