एकाच मापाच्या दोन सबवूफरपैकी कडक कोनचा घ्यावा की मऊ कोनचा?

निपाणीतल्या दुकानदाराने १२ इंची दोन सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचे स्पीकर, दाखवले. एकाचा कागदी कोन (पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा) बोटाने सहज आत जातो, दुसऱ्याचा जाड रबरी कडेचा कोन जेमतेम हलतो, आणि "कडक तोच दमदार" असं ते म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. मी बेळगावात गाड्यांचं साउंड फिटिंग करतो. माझ्या मते डिकीत स्पीकर बसवायचा किती लिटरचा डबा मावतो हे ठरल्याशिवाय यातला कुठलाच पसंत करू नका.

हाताला लागतो तो कडकपणा कोनचा नसतोच. कोनमागे चुंबकाच्या बाजूला नालीदार कापडाची चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. कॉइलला (कोनला हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) मधोमध सरळ धरणं आणि परत जागेवर आणणं हे मुख्यतः तिचं काम, थोडा हातभार कोनच्या कडेच्या लवचिक पट्टीचा, सराउंडचा. ही जोडी मऊ असली की स्पीकरची मूळ कंपनसंख्या, एफएस, खाली येते, पण व्हीएएस (स्पीकरच्या लवचिकपणाइतकी लवचिक हवा किती लिटर, ते माप) वाढतं, म्हणून डबा मोठा लागतो.

समजा मऊ स्पीकरचा एफएस २८ हर्ट्झ आणि व्हीएएस ६० लिटर आहे. २० लिटरच्या बंद डब्यात कोंडलेली हवाच स्प्रिंग होते आणि कंपनसंख्या थेट ५६ हर्ट्झवर जाते. ४० लिटरचा डबा दिलात तर ४४ च्या आसपास राहते. लहान डब्यात क्यूही (कोन किती घुमत राहतो त्याचं माप) त्याच पटीत वाढतो. तुम्ही भजनं ऐकता म्हणालात. अशा डब्यात पखवाजाचा 'धा' वाजून थांबत नाही, घुमत राहतो. कडक स्पीकरचं व्हीएएस कमी, म्हणून लहान डब्यात त्याचं एवढं बिघडत नाही. छोट्या हॅचबॅकला तो बरा, पण कारण दुकानदाराने सांगितलं ते नव्हे.

पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेल्या, डब्याचं वेगळं. पोर्ट ज्या सुरावर जुळवलेला (ट्यून केलेला) असतो त्याखालच्या सुरांना हवेचा आधार उरत नाही, सगळा भार स्पायडर-सराउंडवर येतो आणि मऊ स्पीकरची कॉइल मागे आपटू शकते. तिथे अँपवर फार खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर लावाच.

कोन कागदाचा की अ‍ॅल्युमिनियमचा, यावर लोक फार भांडतात. इतक्या खालच्या सुरांत तो न वाकता पुढेमागे गेला की पुरे. वजन मात्र बघा: जड कोन जास्त खालच्या सुरांपर्यंत उतरतो, पण तेवढ्याच आवाजाला जास्त वॅट मागतो. ८० हर्ट्झवरून ४० वर त्याच जोराने यायचं तर कोनला चौपट हलावं लागतं, म्हणून एक्समॅक्स (कोन मधल्या जागेवरून एका बाजूला किती नीट हलू शकतो ती मर्यादा) महत्त्वाचा. सराउंडचा रोल फार रुंद असेल तर १२ इंचातला हवा ढकलणारा भाग कमी होतो, हेही ध्यानात ठेवा.

खानापूर-जांबोटीकडे पावसात फिरणं असेल तर फोमचा सराउंड नको. दमट हवेत आणि मागच्या काचेतून येणाऱ्या उन्हात तो काही वर्षांत भुगा होतो. रबर टिकतं.

दोन्ही सबवूफरच्या माहितीपत्रकातले एफएस, व्हीएएस, क्यूटीएस (डब्याबाहेर स्पीकरचा एकूण क्यू) आणि एक्समॅक्स, शिवाय डिकीतली मोकळी जागा इथे लिहा. डब्याचं माप मी काढून देतो.