सार्कॉइडोसिसमध्ये (फुफ्फुसासारख्या अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार) सहा महिन्यांत एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकलेली एकूण हवा, उंची-वयानुसार अपेक्षित हवेच्या टक्क्यांत) 82 वरून 76 टक्क्यांवर आली. एक्स-रेत 'स्टेज 2' आहे. भावाचं फुफ्फुस निकामी होतंय का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. आधी दोन्ही रिपोर्टांवर उंची किती लिहिली आहे ते बघा. एकावर 165 सेंमी आणि दुसऱ्यावर 168 असेल, तर तेवढीच हवा फुंकूनही टक्का तीनेक अंकांनी घसरलेला दिसतो. म्हणून लिटरमधले आकडे ताडून पाहा, तेही शक्यतो एकाच लॅबचे. फुंकण्यातच निम्मा घोटाळा असतो: पेशंट तीन सेकंदांत तोंड काढतो, तंत्रज्ञ "चालेल" म्हणतो आणि एफव्हीसी कमी छापून येते. आलेख सपाट होईपर्यंत फुंकायला हवं. तीन नीट फुंका हव्यात आणि सर्वांत मोठ्या दोन एफव्हीसींत 150 मिलीहून जास्त फरक नको.

डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती शिरतो याची तपासणी) केली नसेल तर करून घ्या. त्या दिवशीचं हिमोग्लोबिन मशीनमध्ये भरायला सांगा. पंडुरोग असेल तर हा आकडा उगाच खाली दिसतो. एफव्हीसी 10 किंवा डीएलसीओ 15 टक्क्यांनी पडली आणि पुन्हा तपासूनही तेच आलं, तर ती खरी घसरण. एफव्हीसी जागेवर आणि डीएलसीओ मात्र घसरतेय, तर टूडी एको करून फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब बघावा लागतो.

आणि ते 'स्टेज 2' डोक्यातून काढा. ही कॅन्सरसारखी चढती पायरी नाही, 1961 पासून चालत आलेलं एक्स-रेचं वर्गीकरण आहे. स्टेज 2 मधले निम्म्याच्या आसपास पेशंट आपोआप निवळतात. तरी फिल्म बघून स्टीरॉइड लिहिणारे कमी नाहीत, आणि तेही सरसकट 40 मिलिग्रॅम! चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाने 20 आणि 40 ची थेट तुलना केली. 40 सरस ठरलं नाही. दर महिन्याला एसीई (रक्तातलं एक एन्झाइम) तपासणं तर निव्वळ पैसे घालवणं. स्टीरॉइडने तो आकडा उतरतोच, त्यावरून फुफ्फुस सुधारलं असं ठरत नाही.

स्टीरॉइडबरोबर सवयीने दिलं जाणारं 60,000 युनिटचं व्हिटॅमिन डी3चं सॅशे रक्तातलं कॅल्शियम तपासल्याशिवाय देऊ नका. या आजारात कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं, वर मुतखडा.

हे सगळं फक्त फुफ्फुसापुरतं. डोळा, मेंदू किंवा हृदयात आजार असेल तर डोसचं गणित वेगळं. भावाला धडधड होत असेल किंवा घेरी येत असेल, तर एफव्हीसी कितीही असो, ईसीजी आजच काढा.