वाक्य सोडायचं नाही

प्रिय बाळा,

परवा तू टेबलावर ठेवून गेलेली सराव परीक्षेची उत्तरपत्रिका काल रात्री नीट बघितली. 104 प्रश्न सोडवलेस, 47 बरोबर, 57 चूक. प्रत्येक चुकीला पाव गुण वजा, म्हणजे हातात 32.75. तू विचारलंस, ‘मावशी, राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ती इंग्रजीतली प्रवेश परीक्षा, क्लॅट, तिचा नाद सोडून नुसती राज्याची कायद्याची सीईटी देऊ का? मराठी शाळेतल्या मुलीनं हे करायचं तरी कशाला?’ तुझे बाबा शेजारी बसले होते म्हणून तेव्हा मी गप्प बसले. आज लिहिते.

तू हुशार आहेस, मेहनती आहेस, हे मला माहीत आहे आणि तुलाही. त्यावर शाई घालवत नाही. मला राग आला तो तुझ्या पिशवीतल्या त्या जाड वहीचा. तीन हजार इंग्रजी शब्द, समोर एकेक मराठी अर्थ, लाल शाईनं अधोरेखित. अशीच वही माझ्याकडेही होती. 1996 साली मी बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा दिली. क्लॅट 2008 पासूनची, त्याआधी विद्यापीठं आपापल्या परीक्षा घेत. सहा महिने मी शब्द पाठ केले आणि परीक्षेत उतारा समोर आल्यावर ओळखीच्या शब्दांनी भरलेलं अनोळखी वाक्य बघत बसले. नापास झाले, घरी आले, इथेच मराठीतून वकिली शिकले. त्या अपयशाचं मला फार वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं.

वकिलीचं चौथं वर्ष. एक लाकडाचे व्यापारी वखारीच्या मोकळ्या जागेचा भाडेपट्टा घेऊन आले, इंग्रजीतला. त्यात एक वाक्य होतं: भाडेकरूनं मुदत संपण्याआधी तीन महिने लेखी नोटीस दिली नाही, तर पट्टा ‘शॅल स्टँड डिटरमिन्ड’. माझ्या वहीत डिटरमिन म्हणजे ठरवणं, निश्चित करणं. मी त्यांना सांगितलं, ‘काका, नोटीस नाही दिली तरी पट्टा पक्काच राहतो.’ त्यांनी नोटीस दिली नाही. कायद्यात ‘डिटरमिनेशन ऑफ लीज’ म्हणजे भाडेपट्टा संपणं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 111 वं कलमच त्यावर आहे, आणि ते कलम मला मराठीत तोंडपाठ होतं! ‘भाडेपट्ट्याची समाप्ती’ म्हणून पाठ केलेलं. इंग्रजी वाक्यासमोर मात्र मी शब्द ओळखून पुढे निघाले. एकदा थांबून ते वाक्य सबंध मराठीत बोलले असते तर लगेच खटकलं असतं: नोटीस न देणाऱ्या भाडेकरूचा पट्टा कोणता मालक पक्का करून देईल? वखार गेली. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. वर्षभर रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायची.

म्हणून माझा एकच हट्ट आहे. वाक्य स्वतःच्या मराठीत सांगता आलं नाही, तर ते वाचलंच नाही असं समज आणि पुढे जाऊ नकोस. शब्दाला शब्द लावून केलेलं भाषांतर मला नको. शेजारच्या काकूंना समजावून सांगशील तसं सांगता आलं पाहिजे.

आता तुझ्याच उत्तरपत्रिकेतलं बघ. लीगल रीझनिंगचा, म्हणजे कायद्याच्या तर्काच्या भागातला, चोरीवरचा उतारा. उताऱ्यात नियम दिला होता: वस्तू जमिनीला जोडलेली आहे तोपर्यंत ती जंगम मालमत्ता नाही, म्हणून तिची चोरी होत नाही; पण जमिनीपासून वेगळी केली की लगेच चोरीचा विषय होऊ शकते. प्रश्न होता, एकानं दुसऱ्याच्या शेतातलं सागाचं झाड न विचारता, लबाडीनं न्यायच्या हेतूनं तोडलं, चोरी झाली का? तू लिहिलंस, नाही, झाड स्थावर आहे. म्हणजे अर्धविरामापर्यंत वाचलंस आणि उत्तराकडे पळालीस. तुझ्या आजोबांनी बांधावरच्या झाडावरून भावकीशी भांडण केलेलं तू बघितलं आहेस. मराठीत विचारलं असतं तर तू झोपेतही बरोबर सांगितलं असतंस. कायदा तुला कळतो गं. तू वाक्य सोडतेस.

दुसरं, ‘अनलेस’. तुझ्या वहीत अनलेस म्हणजे ‘जोपर्यंत... नाही’ आणि अनटिल म्हणजेही ‘जोपर्यंत... नाही’. आपल्याला शाळेत असंच शिकवतात आणि तिथेच घोटाळा होतो. तो ‘नाही’ अनलेसच्या पोटातच असतो. आपण तो वेगळा काढून पुन्हा एकदा जोडतो आणि नियम उलटा होतो. तुझ्या चुकलेल्या प्रश्नांपैकी सात ठिकाणी उताऱ्यात अनलेस, एक्सेप्ट किंवा ओन्ली इफ आहे. मी पेन्सिलनं गोल केले आहेत. तीन हजार शब्द बाजूला ठेव आणि या दहा-बारा छोट्या शब्दांवर महिना घाल. नॉटविथस्टँडिंगला आपल्या मराठी अधिनियमांत ‘काहीही असले तरी’ म्हणतात, सब्जेक्ट टूला ‘अधीन राहून’. मराठी आणि इंग्रजी कायदा शेजारी शेजारी ठेवून वाच. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश माझ्या कपाटात आहे, घेऊन जा.

तू म्हणशील, 120 मिनिटांत 120 प्रश्न, उतारे साडेचारशे शब्दांपर्यंतचे, एवढं थांबत बसले तर पेपर कधी संपायचा? मी म्हणते, आत्ता तू प्रत्येक उतारा तीनदा वाचतेस. समासातल्या तुझ्या खुणाच सांगतात. वेळ तिथे जातो. पहिले दोन महिने घड्याळ लावूच नकोस. रोज एकच उतारा घे, एकेक वाक्य मोठ्यानं मराठीत सांग. आईला ऐकव, भावाला ऐकव, कुणी नसेल तर भिंतीला. तिसऱ्या महिन्यात तोंडानं सांगायची गरज उरणार नाही, मनातल्या मनात होईल. मग घड्याळ लाव. चालू घडामोडी आणि गणिताचं तुझं तू बघशील, तिथे मला काळजी नाही.

सीईटी जरूर दे. राज्याची आहे, प्रश्न मराठीतही असतात, चुकीला गुण कापत नाहीत, आणि पुण्या-मुंबईची जुनी नामांकित कॉलेजं तिच्यातूनच मिळतात. पण इंग्रजीपासून सुटका म्हणून देत असशील तर नको. प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र हातात येईल. तिथलं आणि उच्च न्यायालयांचं काम इंग्रजीत चालतं, संविधानाच्या 348 व्या अनुच्छेदानं. तिथेही वाक्य सोडशील का?

तुझे बाबा म्हणाले, ‘मावशी स्वतः तालुक्यातच राहिल्या, इंग्रजीचं त्या काय सांगणार?’ ऐकलं मी. पहिली पाच-सहा वर्षं भीतीनंच राहिले, हे मान्य. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करायला चल म्हणून दोनदा बोलावणं आलं होतं आणि दोन्ही वेळा मी आईच्या आजारपणाचं कारण सांगितलं. आई ठणठणीत होती. पण वखारीनंतर मी दर रात्री एक निकालपत्र मराठीत सांगत वाचलं. आज वरच्या कोर्टाचा इंग्रजी निकाल आला की पक्षकार तो माझ्याकडेच आणतात. 1998 पासून आपल्या जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, तरी वरून येणारा कागद इंग्रजीच असतो. त्यात काय लिहिलं आहे हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, एकही ‘परंतु’ न गाळता सांगणारं कुणीतरी इथे असावं लागतं. ते काम मी नीट करते. याला कमीपणा म्हणू देणार नाही, तुझ्या बाबांनासुद्धा. पण तू भीतीनं इथे राहू नकोस. दोन्हीकडे जाता येत असताना इथे परत आलीस तर माझी खुर्ची तुझी.

वर्ष वाया जाईल म्हणून रडू नकोस. परीक्षा डिसेंबरात आहे. वही आईकडे दे, रद्दीत घालू नको म्हणावं, मागची पानं कोरी आहेत.

रविवारी दहाला ये. तो वखारीचा करार मी अजून जपून ठेवला आहे. सात पानं, एकोणीस कलमं. पहिल्यापासून एकेक वाक्य तू मला मराठीत सांगायचं. वेळ लागेल, तेव्हा आईला सांग, जेवण माझ्याकडेच.

तुझी,
वकील मावशी