ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे

प्रश्न : महोदय, आमचे गाव दापोली तालुक्यात आहे. गावठाणापासून दूर असलेल्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) एका विकासकाने मोठी जमीन घेतली असून तेथे सुमारे सव्वाशे बंगल्यांची वसाहत होणार आहे. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ना-हरकतीचा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. ग्रामसभेपुढे हा विषय आलाच नाही. आमच्या वाडीची नळपाणी योजना सड्याच्या पायथ्याशी असलेल्या विहिरीवर चालते आणि एप्रिलअखेर ती विहीर तळ गाठते. ठराव झाला म्हणजे आता काही करता येणार नाही, असे गावात सगळे म्हणतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : हे खरे नाही, आणि याच समजुतीमुळे अनेक गावे हातातला महत्त्वाचा वेळ घालवून बसतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ ने ग्रामपंचायतीला बांधकाम परवानगीचा जो अधिकार दिला आहे, तो गावठाणापुरता आहे. गावठाणाबाहेर, जेथे प्रादेशिक योजना (कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा) लागू आहे तेथे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि नकाशांची तांत्रिक छाननी नगररचना विभाग करतो. आपल्या ग्रामपंचायतीने दिलेली ना-हरकत ही त्या मोठ्या फायलीत जोडलेली एक पुरवणी आहे. तिचे वजन असते, कारण पाणी आणि रस्ता यांबाबत गावाची तक्रार नाही असे तिच्या आधारे गृहीत धरले जाते. परंतु तिच्यामुळे एकही पाया खोदता येत नाही. म्हणून आपला पहिला प्रश्न सरपंचांना नव्हे, तर जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयाला असला पाहिजे : या गट क्रमांकांवर रेखांकनाचा, म्हणजे भूखंड व रस्ते पाडण्याच्या आराखड्याचा, अर्ज आला आहे का, आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे?

त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. केवळ प्रती मागू नयेत, अभिलेखाची पाहणीही मागावी. तो अधिकार कायद्याच्या व्याख्येतच आहे आणि फाईल समोर उघडली की जे दिसते ते प्रतींमध्ये अनेकदा निसटते. विकासकाने सादर केलेला रेखांकनाचा नकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणारा गाव नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात वाहणारे पऱ्ये असतात, जे उन्हाळ्यात कोरड्या घळीसारखे दिसतात. गाव नकाशावर असलेला पऱ्या रेखांकनातून गायब होऊन त्याच्या जागी भूखंड क्रमांक आले असतील, तर हरकतीचा सर्वांत भक्कम मुद्दा आपल्याला तेथेच सापडेल. सड्याच्या कातळावरून वाहून येणारे पाणी कोठे वळवले जाणार, हे नकाशात दाखवले नसेल तर तेही लेखी विचारावे. त्याच वेळी जमीन प्रादेशिक योजनेत कोणत्या विभागात मोडते, याचा झोन दाखला काढून घ्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील विकासयोग्य जमिनीला बिनशेतीची वाट सोपी झाली आहे. आपला सडा त्या अंतरात येतो की नाही, हे मोजणीच्या नकाशावरून ठरेल, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे.

आता पाणी. माझ्या मते आपल्या संपूर्ण प्रकरणाचा जीव येथे आहे. ग्रामीण गृहप्रकल्पांना होणारा विरोध बहुधा ‘गावाचे गावपण जाईल’ या शब्दांत मांडला जातो. ती भावना मला पूर्ण समजते आणि ती खोटी नाही. पण परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे तिला उत्तर देण्याचे बंधन नसते. पाण्याच्या आकड्याला उत्तर द्यावेच लागते. आपली विहीर एप्रिलअखेर आटते, असे आपण लिहिता. मग गेल्या काही वर्षांत आपल्या वाडीचे नाव तालुक्याच्या टंचाई आराखड्यात होते का, टँकरची मागणी करणारा ठराव ग्रामपंचायतीने केला होता का, आणि टँकर किती दिवस आला, याच्या नोंदी पंचायत समितीकडून मागून घ्याव्यात. जी ग्रामपंचायत उन्हाळ्यात टँकर मागते तीच सव्वाशे नव्या घरांना पाणी पुरेल असे लिहून देत असेल, तर ती दोन कागदपत्रे एकाच अर्जाला जोडून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावीत. त्यावर फार भाष्य करण्याची गरज राहणार नाही.

विकासक ‘आम्ही स्वतःची कूपनलिका खोदू’ असे सांगेल. सड्यावर खोदलेली कूपनलिका आणि पायथ्याची विहीर यांचे पाणी एकाच पाणलोटातले असू शकते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून (स्रोतापासून) ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर १९९३ च्या भूजल कायद्याने बंधन आणले होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या २००९ च्या अधिनियमातही अशा उद्भवांना संरक्षण आहे. आपली विहीर नळपाणी योजनेची, म्हणजे सार्वजनिक उद्भव आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे तिच्या संरक्षणासाठी गावाने स्वतंत्र अर्ज करावा आणि येत्या मार्चपासून दर आठवड्याला विहिरीतील पाण्याची पातळी तारीख घालून, दोघा-तिघांच्या सह्यांनिशी वहीत नोंदवावी.

ग्रामसभेविषयी आपण स्वतंत्रपणे विचारले नसले तरी ते सांगितले पाहिजे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तितकी उपस्थिती लागते. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा यासाठी आधीच लेखी मागणी करून तिची पोच घ्यावी. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातील गावांत ग्रामसभेला जे विशेष अधिकार आहेत ते आपल्या गावाला नाहीत, त्यामुळे ग्रामसभेचा विरोधी ठराव प्रकल्प आपोआप थांबवणार नाही. तथापि मासिक सभेतील चार मते म्हणजे गावाची संमती नव्हे, हे त्यातून फायलीवर येते. मूळ ठराव बेकायदेशीर रीतीने झाला असेल, म्हणजे नोटीस नसताना किंवा विषयपत्रिकेत नसताना तो मांडला गेला असेल, तर त्याची अंमलबजावणी निलंबित करण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. ज्या सदस्यांनी बाजूने मत दिले त्यांच्यावर केवळ संशयावरून जाहीर आरोप करू नयेत. एखाद्याच्या नातलगाने विकासकाला जमीन विकली एवढ्यावरून तो अपात्र ठरत नाही, आणि असा आरोप सिद्ध झाला नाही की पाण्याचा खरा मुद्दाही त्याच्याबरोबर वाहून जातो.

पर्यावरण मंजुरीचे पाहावे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पाला पूर्वमंजुरी लागते. बंगल्यांच्या आकारानुसार सव्वाशे बंगले या मर्यादेच्या जवळपास येऊ शकतात, म्हणून प्रकल्प टप्प्याटप्प्यांत तोडून दाखवला आहे का, हे एकूण रेखांकनावरून तपासावे. गृहप्रकल्पांना या अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे, तेव्हा ‘सुनावणीला बोलावतील तेव्हा बोलू’ असे म्हणून थांबू नये. मंजुरी दिली गेली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. पुरेसे कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो, त्यापुढे नाही.

काम सुरू होऊन पाणंद अडवली गेली किंवा पऱ्या बुजवला गेला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा दाखल करता येतो. शेतीकडे जाणारी वहिवाट आणि नैसर्गिक प्रवाह या दोन्ही बाबी त्यात येतात, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली तर अपिलाची सोय अर्जदार विकासकाला आहे. परवानगी दिली तर शेजारच्या गावकऱ्याला तशी सरळ वाट कायद्याने दिलेली नाही आणि उच्च न्यायालयात जावे लागते. ही व्यवस्था मला अन्याय्य वाटते. जोवर ती बदलत नाही, तोवर हरकत परवानगीच्या आधीच फायलीवर गेली पाहिजे.

प्रश्न : आम्ही पेडणे तालुक्यातले. आमच्या ग्रामसभेने मोठ्या गृहप्रकल्पांविरुद्ध एकमताने ठराव केला, तरी पंचायतीने परवाना दिला. महाराष्ट्रातले नियम आम्हाला लागू होतात का?
– एक वाचक, गोवा

उत्तर : होत नाहीत. गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ च्या कलम ६६ नुसार बांधकाम परवाना पंचायत स्वतः देते, त्यामुळे आपला रोख पंचायतीवर असणे योग्यच आहे. ग्रामसभेचा निर्णय पंचायतीवर बंधनकारक असतो, पण तो कायदा व नियमांच्या विरोधात नसेल तरच. आणि नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता असलेला अर्ज केवळ सरसकट विरोधाच्या ठरावावर फेटाळणे पंचायतीला कठीण जाते. म्हणून परवान्याविरुद्ध पंचायत उपसंचालकांकडे जाताना ग्रामसभेच्या ठरावापेक्षा जमिनीचा विभाग, उतार आणि प्रवेशरस्त्याची रुंदी यांवर भर द्यावा. मुदत थोडी असते, तेव्हा परवान्याची प्रत हाती येताच वकिलांना गाठावे. गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ (२०११ पर्यंतच्या जमीनवापराचा) लोकांच्या आंदोलनानंतर २००७ मध्ये मागे घेतला गेला, हे आपल्याला ठाऊक असेलच. गोव्यात जमिनीचा निकाल बहुतेक वेळा परवान्याच्या आधी, आराखड्यातील रंगाच्या, म्हणजे जमिनीला दिलेल्या विभागाच्या, पातळीवर लागतो. आपल्या गावच्या जमिनींच्या विभागबदलाच्या जाहीर सूचनांवर गावाने कायम लक्ष ठेवावे.

प्रश्न : माझ्या गावातही अशीच वसाहत होऊ घातली आहे. विरोध करणारे बहुतेक मुंबईला असतात आणि गणपती-शिमग्याला येतात. गावात राहणाऱ्या आम्हा तरुणांना काम हवे आहे. आम्ही चुकीचे आहोत का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : मुळीच नाही. जो बारमाही गावात राहतो, त्याच्या मताला मी अधिक महत्त्व देतो. मुंबईकराच्या पैशावर गावातली घरे उभी राहिली हे खरे असले, तरी मे महिन्यात हंडा घेऊन उभे राहावे लागते ते गावातल्या बाईला, आणि काम नसल्याने घर सोडावे लागते ते आपल्यासारख्याला. परंतु पाठिंबा द्यायचा तर तो तपासून द्यावा. शहरी लोकांच्या सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरांच्या वसाहतीत बांधकाम चालू असेपर्यंत गवंडी, सुतार, वायरमन यांना काम असते. पुढे घरे वर्षातले बरेच दिवस बंद राहतात आणि राखणदार, माळी, साफसफाई एवढीच कामे उरतात. त्याने भागणार आहे का, हे आपण आणि आपल्या मित्रांनी बसून ठरवावे.

भूखंड किंवा घरे विकणारा, ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जमिनीवरचा आणि आठपेक्षा अधिक घरांचा प्रकल्प महारेराकडे (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदवावा लागतो. त्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे व परवानग्या कोणालाही पाहता येतात. विकासकाने गावात सांगितलेली घरांची संख्या आणि तेथे नोंदवलेली संख्या एकच आहे का, ते पाहावे. सांडपाणी कोठे जाणार, कचरा कोण उचलणार, पाण्याचा उद्भव कोणता आणि वाडीकडे जाणारा रस्ता खुला राहणार का, या चार गोष्टी ग्रामपंचायतीने ना-हरकतीच्या ठरावात अटी म्हणून घालाव्यात असा आग्रह आपणच धरावा. पाठिंबा देणाऱ्यांनी मागितलेली अट विरोधकांच्या मागणीपेक्षा लवकर मान्य होते. त्या अटी मूळ परवानगीच्या आदेशातही उतरल्या आहेत याची जिल्हाधिकारी कार्यालयात खात्री करून घ्यावी, कारण विकासकाने बैठकीत दिलेला शब्द पुढे बंगल्यांचे मालक बदलल्यावर कोणालाच बांधून ठेवत नाही.