एआय एजंटसाठी कलम शोधणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहावं?

भारतीय कायद्यांतली कलमं शोधणारं टूल एजंटला, म्हणजे स्वतःहून टूल वापरून काम करणाऱ्या एआय प्रोग्रामला, द्यायचंय तर टूलच्या वर्णनात काय लिहायचं, असं विचारलंय तुम्ही. माझ्या मते सगळ्यात आधी तारीख. म्हणजे बघा, ३०२ म्हटलं की जुन्या दंड संहितेत खुनाची शिक्षा, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ती शिक्षा गेली कलम १०३ मध्ये, आणि नव्या संहितेतलं ३०२ आहे धार्मिक भावना दुखावणारे शब्द मुद्दाम उच्चारण्याबद्दल, मग एजंटने नुसतं "३०२" पाठवलं तर टूलने द्यायचं काय? म्हणून कायद्याचं नाव आणि घटनेची तारीख दोन्ही कंपल्सरी ठेवा आणि का ते तिथेच एका ओळीत लिहा, कारण एजंटला तुमचा कोड दिसत नाही, दिसतं ते फक्त वर्णन. गुन्हा जून २०२४ मधला असेल तर जुनीच संहिता लागते, हे उदाहरण टाकाच.

दुसरं म्हणजे काहीच सापडलं नाही तर काय परत येतं ते स्पष्ट लिहा. रिकामी यादी आणि सर्व्हर एरर यात फरक कळला नाही तर एजंट "असं कलमच नाही" म्हणून ठोकून देतो, आणि समोरचा माणूस कदाचित खरंच अडचणीत असतो हो.

४९८अ सारखे अक्षरवाले नंबर कसे टाकायचे तेही दाखवा. रेट लिमिट, म्हणजे ठराविक वेळात टूल किती वेळा वापरता येतं ते, वगैरे एका ओळीत उरका. आणि टूल कोर्टाचे निकाल शोधत नसेल तर तसं लिहा, नाहीतर एजंट तिथे निकालच शोधत बसेल.